वेब डिझाइन पुस्तकावरून शिकतेय. २००६ सालचं पुस्तक धरू की सोडू?

कसर · सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात काम करते. वाचनालयाची वेबसाइट हवी असं कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ठरलं आणि तिच्यावर खर्च करायचा नाही, हेही त्याच बैठकीत ठरलं. माझं एमएस-सीआयटी झालंय, एक्सेल बऱ्यापैकी येतं, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

देणगीत आलेल्या गठ्ठ्यात वेब डिझाइनचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं. अगदी नवशिक्यांसाठी लिहिलेलं, २००६ ची आवृत्ती. मागच्या पुठ्ठ्याला सीडीचं पाकीट आहे, सीडी नाही. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण लेखक घाई करत नाही, त्यामुळे समजतं. पाच प्रकरणं झाली: एचटीएमएल या वेबपानं लिहायच्या भाषेचे टॅग म्हणजे खुणा, परिच्छेद, याद्या, दुवे, चित्रं. नोटपॅडमध्ये लिहायचं आणि ब्राउझरमध्ये उघडायचं. पहिला दुवा चालला तेव्हा फार मजा वाटली.

सहाव्या प्रकरणात पान मांडायला टेबल वापरायला सांगितलंय. वरच्या रांगेत नाव, डावीकडच्या रकान्यात मेनू, उजवीकडे मजकूर. सचिवांचा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मावशी, हे पुस्तक संग्रहालयात द्या आणि यूट्यूब बघा." बघितलं. तो व्हिडिओतला मुलगा इतका भराभर टाइप करतो की थांबव, मागे ने, परत थांबव, यातच संध्याकाळ जाते.

शिवाय दोन अडचणी आहेत. एक, मराठी लिहिलं की ब्राउझरमध्ये नुसती प्रश्नचिन्हं येतात. दोन, वाचनालयाचा फोटो माझ्या कॉम्प्युटरवर दिसतो, पण फोल्डर पेनड्राइव्हवरून दुसरीकडे नेलं की दिसत नाही.

पुस्तक धरू की सोडू?

अडकित्ता · सोमवार, रात्री १०.०५

वेबसाइट हवी आणि खर्च नको, हे दोन्ही ठराव एकाच बैठकीत! तुमच्या मंडळाचे अध्यक्ष आमच्या सोसायटीत राहतात का हो?

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जाणकार येतीलच.)

कोंडीतला · सोमवार, रात्री १०.४०

ताई, पुतण्या बरोबर सांगतोय. मी याच धंद्यात आहे. या क्षेत्रात चार वर्षांपूर्वीचं पुस्तकसुद्धा मी कोणाला सुचवणार नाही, २००६ तर फारच लांब राहिलं. तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन नव्हते. आज तुमची साइट उघडणारे बहुतेक सभासद फोनवरच असतील. टेबलात पान मांडलंत तर त्यांना मुंगीएवढी अक्षरं दिसतील.

तुम्हाला साइट हवी आहे की वेब डिझायनर व्हायचंय? साइटच हवी असेल तर वर्डप्रेस किंवा गूगल साइट्स या साइट बनवायच्या तयार साधनांवर दोन संध्याकाळी काम होईल. नाहीतर सरळ एआयला सांगा, पाच पानं लिहून देईल. २००६ चं पुस्तक वाचून नंतर त्यातलं अर्धं विसरायचं, हा उलटा प्रवास कशाला?

खडूफळा · सोमवार, रात्री ११.३०

कोंडीतला यांच्याशी अर्धा सहमत. तंत्रनिकेतनात हा विषय बरीच वर्षं शिकवला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (कोडच्या ओळी इथे चिकटवल्या की मंच त्या गिळून टाकतो, त्यामुळे सगळं शब्दांतच सांगतो.)

पुस्तक जुनं झालं असं सरसकट म्हणता येत नाही. त्यातली कुठली प्रकरणं जुनी झाली हे बघावं लागतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत तयार केलेलं १९९१ सालचं पहिलं संकेतस्थळ सर्नने जपून ठेवलं आहे. ते आजच्या फोनवरही उघडतं आणि वाचता येतं. साधा मजकूर, शीर्षक, दुवे. तुम्ही जी पाच प्रकरणं वाचलीत ती याच जातीची आहेत. परिच्छेद, याद्या, दुवे यांचे टॅग तेव्हा होते ते आजही आहेत. ती प्रकरणं वाया गेलेली नाहीत.

जुनी होते ती मांडणी, आणि त्याला कारण आहे. पानाचा मजकूर एका जागी आणि रूप दुसऱ्या जागी, म्हणजे सीएसएस, ही कल्पना होकॉन वियुम ली यांनी १९९४ मध्ये मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये पहिलं सीएसएस अधिकृत झालं. पण ब्राउझरांनी ते धड राबवलं नाही. एकच पान एका ब्राउझरमध्ये नीट आणि दुसऱ्यात विस्कटलेलं. टेबल मात्र सगळीकडे सारखं दिसायचं. म्हणून आकडे मांडायला आलेलं टेबल लोकांनी पानाचा सांगाडा म्हणून वापरलं. तुमच्या लेखकाला नावं ठेवू नका. २००६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ६ वापरणारी जनता प्रचंड होती आणि त्याला तिच्यासाठी लिहायचं होतं.

आता पुस्तक हातात घ्या आणि अनुक्रमणिका बघा. मला अंदाज आहे त्यात काय असेल.

टेबलाने मांडणी: आत्ता सोडा. फ्रेम्स (एका खिडकीत अनेक पानं दाखवायची जुनी पद्धत): सोडा. फॉन्ट टॅग, सेंटर टॅग: १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्येच ते नकोसे ठरवले होते, तरी पुस्तकांतून जाईनात, सोडा. फ्लॅश (हलती चित्रं दाखवायचं जुनं तंत्र): ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने त्याचा आधार काढून घेतला, ते प्रकरण उघडूही नका. एक्सप्लोररसाठीच्या खास युक्त्या: तो ब्राउझरच जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. फॉर्मचं प्रकरण ठेवा. सीएसएसची सुरुवातीची प्रकरणं, म्हणजे रंग, अक्षर, समास, चौकट, ती तर सोन्यासारखी जपा.

मांडणीसाठी फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या सीएसएसमधल्या दोन गोष्टी नंतर शिका. ग्रिड २०१७ च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत लागोपाठ आलं. तुमच्या पुस्तकात ते असणं शक्यच नाही. त्यासाठी मोझिलाच्या एमडीएन या संकेतस्थळावरचे धडे वाचा, फुकट आहेत.

आणि कोंडीतला यांचा फोनचा मुद्दा खरा आहे. प्रत्येक पानाच्या हेडमध्ये, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या सुरुवातीच्या भागात, व्ह्यूपोर्टची मेटा ओळ हवी: रुंदी बरोबर उपकरणाची रुंदी. ती नसेल तर फोन समजतो की हे डेस्कटॉपचं पान आहे. साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून ते आवळून दाखवतो. मुंगीएवढी अक्षरं त्यामुळे. ही ओळ २००७ मध्ये आयफोनबरोबर आली, आणि एकच पान सगळ्या पडद्यांना जुळवून घेईल असं रचण्याची पद्धत ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये लेख लिहून मांडली. तुमच्या पुस्तकानंतरच्या एवढ्याच गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या आहेत. बाकी नवलाई पुष्कळ आहे, ती पाच पानांच्या साइटला लागत नाही.

परसदार · मंगळवार, सकाळी ७.१५

सरांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवलाय.

कसरताई, मीही पुस्तकावरूनच शिकले, घरचं सगळं आटोपल्यावर, दुपारी. पुस्तकाचा मोठा फायदा म्हणजे ते क्रम सोडत नाही. व्हिडिओत पुढचा कुठला बघायचा हे आपण ठरवत नाही, उजवीकडची पट्टी ठरवते.

माझी पद्धत सांगते. उदाहरण वाचायचं, मग पुस्तक मिटून ते आपल्या मजकुराने लिहायचं. लेखकाच्या पुस्तकात बहुतेक काल्पनिक कॉफीच्या दुकानाची साइट असते. ती कशाला करायची? तुम्ही वाचनालयाच्या वेळा, वर्गणी, नवी पुस्तकं हाच मजकूर घ्या. मग चाललेल्या पानातली एकच गोष्ट मुद्दाम मोडायची. बंद करायचा टॅग काढा, अवतरणचिन्ह काढा आणि काय होतं ते बघा. नंतर खरंच काही मोडलं की चेहरा ओळखीचा असतो.

एका जागी मात्र रेंगाळा: चौकटीचं प्रकरण, बॉक्स मॉडेल. पुस्तकात असं असेल की रुंदी ३०० लिहिली, आतली जागा दोन्ही बाजूंना २०-२०, कड ५-५, तर डबा प्रत्यक्षात ३५० रुंद होतो. म्हणून ६०० च्या जागेत ३०० चे दोन डबे शेजारी मावत नाहीत आणि दुसरा खाली पडतो. हे कळेपर्यंत नवशिक्याला वाटतं कॉम्प्युटर आपल्यावर रुसलाय. हल्ली बॉक्स-सायझिंग नावाची सोय आहे, तिला बॉर्डर-बॉक्स किंमत दिली की ३०० म्हणजे कडेसकट ३००. पण आधी कागदावर पेन्सिलने ती बेरीज करून बघाच.

आणि हो, पुस्तकात पेन्सिलने खुणा करू नका, वाचनालयाचं आहे. चिठ्ठ्या लावा.

अडकित्ता · मंगळवार, सकाळी ९.२०

ग्रंथपालबाईंना पुस्तकात खुणा करू नका म्हणून सांगणारे आपण पहिल्याच. 😄

अवांतर: मला ते दिवस आठवले, साइटवर मजकूर उजवीकडून डावीकडे पळायचा आणि तळाशी "आपण अमुकावे पाहुणे" असा आकडा असायचा. मी जिओसिटीजवर (तेव्हा तिथे फुकट साइट करता यायची) गणपतीच्या आरत्यांचं पान केलं होतं. २००९ मध्ये याहूने सगळी वस्ती उठवली, त्यात आमचा बाप्पाही गेला.

कोंडीतला · मंगळवार, दुपारी १.१०

@खडूफळा सर, यादी पटली. पण बघा, ज्या नवशिक्याला अनुक्रमणिकेतलं काय सोडायचं हे कळतं तो नवशिक्या नसतोच. हा धागा नसता तर ताई टेबल, फ्रेम्स, फ्लॅश सगळं शिकून बसल्या असत्या. नव्या पुस्तकात निदान ही भीती नाही.

एआयबद्दल कोणीच काही बोललं नाही.

खडूफळा · मंगळवार, दुपारी २.००

हा मुद्दा रास्त आहे. नवं पुस्तक मिळत असेल तर नवंच घ्यावं. पण वाचनालयात आहे ते आहे, आणि ठराव क्रमांक दोन तुम्ही वाचलाच आहे.

एआयने पाच पानं लिहून दिली तर वापरावीत की. फक्त दिवाळीच्या सुट्टीच्या वेळा बदलायच्या असतील तर त्या पानात कुठे हात घालायचा, हे बाईंना कळायला हवं. त्यासाठी ही पहिली पाच प्रकरणंच लागतात. वर्डप्रेसला माझा विरोध नाही. पण ते आणि त्याची प्लगिन्स (वरून बसवलेले जोडभाग) सतत अद्ययावत ठेवावी लागतात. विसरलं की कोणीतरी आत शिरून औषधांच्या जाहिराती लावून जातो. पाच साध्या एचटीएमएल फायलींत घुसण्यासारखं फार काही नसतं.

तिरपी मात्रा · मंगळवार, रात्री ८.४५

मूळ धाग्यातल्या प्रश्नचिन्हांना कोणी हात लावला नाही, म्हणून मी लावते. माझं काम अक्षरांशीच आहे.

इंग्रजी पुस्तकावरून मराठी साइट करणाऱ्याची खरी फसगत इथे होते, आणि त्यात पुस्तक २००६ चं की आजचं याने फारसा फरक पडत नाही.

आधी लक्षण ओळखा. मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर फाइल जतन करतानाच अक्षरं गेली. जुन्या विंडोजचं नोटपॅड स्वतःहून 'एएनएसआय' पद्धतीत जतन करतं. त्यात देवनागरीला जागाच नाही. जतन करताना तो एक इशारा देतो आणि आपण सवयीने ओके दाबतो. अशी गेलेली अक्षरं परत येत नाहीत, पुन्हा टाइप करावी लागतात. 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये खाली एन्कोडिंगचा रकाना असतो, तिथे यूटीएफ-८ निवडा, त्यात देवनागरी मावते. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अद्ययावतीनंतर नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ धरतं, म्हणजे तुमचा कॉम्प्युटर त्याआधीचा दिसतो.

दुसरं लक्षण: प्रश्नचिन्हांऐवजी टोप्या घातलेली परदेशी अक्षरं दिसली, तर फाइल शाबूत आहे, फक्त ब्राउझर ती चुकीच्या तक्त्याने वाचतोय. तुमच्या पुस्तकात हेडमध्ये आयएसओ-८८५९-१ असं काही लिहायला सांगितलं असेल. तो पश्चिम युरोपीय भाषांचा तक्ता आहे. ती ओळ काढून कॅरसेट यूटीएफ-८ लिहा. आणि पुस्तकातला पानाच्या अगदी पहिल्या ओळीतला तो लांबलचक डॉकटाइपही नको, आता 'डॉकटाइप एचटीएमएल' एवढंच पुरतं.

आता रूप. पुस्तक एरियल, व्हर्डाना, जॉर्जिया सांगेल. तिघांतही देवनागरी नाही. मग ब्राउझर त्या यंत्रावर जे सापडेल ते वापरतो: कुठे मंगल, कुठे निर्मला, फोनवर आणखी तिसरंच. एकसारखं दिसायला हवं असेल तर गूगल फॉन्ट्सवरून मुक्त परवान्याचा देवनागरी फॉन्ट जोडा. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' किंवा मथळ्यांना 'बालू', नाहीतर नोटो सान्स देवनागरी. छापील पुस्तकाचा बाज हवा असेल तर 'टिरो देवनागरी मराठी' बघा, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत.

मूळ एचटीएमएल टॅगला भाषा 'एमआर' म्हणजे मराठी अशी जरूर द्या. काही फॉन्टांत हिंदी आणि मराठी वळणाची दोन्ही अक्षरं असतात आणि कुठलं दाखवायचं ते यावरून ठरतं.

ओळींमधलं अंतर वाढवा. इंग्रजीला १.२ चालतं, आपल्याकडे वर वेलांट्या-रफार आणि खाली उकार, १.६ च्या खाली ते एकमेकांच्या अंगावर येतात. लेटर-स्पेसिंगला (अक्षरांमधल्या अंतराला) हात लावू नका, शिरोरेखा तुटते आणि शब्द पांगतो. इटालिकही नको. बहुतेक देवनागरी फॉन्टांत वेगळं तिरपं अक्षर नसतं, ब्राउझर उभं अक्षर नुसतं ढकलून कलतं करतो आणि ते दिसतंही तसंच. (सदस्यनाम माझं असलं तरी!) जोर द्यायचा तर ठळक करा किंवा रंग बदला.

फाइलींची नावं मात्र इंग्रजीच ठेवा. 'सभासदत्व' नावाची फाइल केली आणि तिचा पत्ता कुणाला पाठवला की प्रत्येक देवनागरी चिन्हाची टक्क्यांसकट नऊ चिन्हं होतात. काना आणि जोडाक्षरातला हलन्तही वेगळा मोजला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर तो पत्ता दोन ओळींचा होतो आणि माणूस घाबरून उघडत नाही.

कसर · मंगळवार, रात्री ११.१०

बापरे, किती जणांनी वेळ काढून लिहिलं! सगळ्यांचे मनापासून आभार.

तिरपी मात्राताई, दोन्ही लक्षणं दिसली. आधी प्रश्नचिन्हं होती. यूटीएफ-८ केल्यावर टोपीवाली अक्षरं आली. मग पुस्तकातली ती ८८५९ ची ओळ सापडली. आता मराठी स्वच्छ दिसतंय. ओळींतलं अंतर १.७ केलं.

कोंडीतलादादा, तुम्ही विचारलंत साइट हवी की डिझायनर व्हायचंय. साइट हवी आहे हे खरं, पण शिकायलाही आवडतंय. आमच्याकडे दहावीची मुलं संध्याकाळी अभ्यासिकेत येतात, त्यातल्या दोघी माझ्या पडद्याकडे बघत उभ्या असतात. मला आलं तर त्यांनाही दाखवीन.

फोटोचं अजून कळलं नाही.

कोंडीतला · बुधवार, सकाळी १०.३०

ताई, ते सोपं आहे. चित्राच्या पत्त्यात सी ड्राइव्हपासूनचा अख्खा रस्ता लिहिला गेलाय. तुमच्या मशीनवर तो रस्ता आहे, दुसरीकडे नाही. साइटच्या फोल्डरमध्ये 'इमेजेस' नावाचं उपफोल्डर करा, फोटो त्यात ठेवा आणि पत्ता फक्त तेवढाच लिहा: इमेजेस, तिरकी रेघ, फाइलचं नाव. पुस्तकात 'रिलेटिव्ह पाथ' असं प्रकरण असेल, ते मात्र आजही शंभर टक्के लागू.

पुढचाही खड्डा सांगून ठेवतो. फाइलींची नावं सगळी लहान लिपीत ठेवा, मधे मोकळी जागा नको. विंडोजला कॅपिटल-स्मॉल एकच वाटतं. साइट जिथे ठेवतात तो सर्व्हर बहुधा लिनक्सवर चालतो, त्याला वेगळं वाटतं. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोचं जेपीजी कॅपिटलमध्ये असतं, आपण पानात स्मॉल लिहितो. घरी दिसतो, साइटवर गायब. आमच्या टीममध्ये नवीन आलेली इंजिनिअर मुलंसुद्धा यात अडकतात.

साइट ठेवायला गिटहब पेजेस फुकट आहे. ब्राउझरमधूनच फायली ओढून टाकता येतात. खातं वाचनालयाच्या ईमेलवर उघडा, पुतण्याच्या नको. तो नोकरीला बंगळुरूला गेला की पासवर्डही जातो. पुढे मंडळाचं मन द्रवलं तर डॉट इनचं नाव घेऊन याच साइटला जोडता येईल. देवनागरीतलं डॉट भारतही २०१४ पासून मिळतं, पण फलकावर छापायला इंग्रजी पत्ता असू द्या.

कानवाचक · बुधवार, दुपारी ३.२०

मी दृष्टिहीन आहे, मंच आणि बाकी सगळं एनव्हीडीए या फुकट स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामने) ऐकतो. वाचनालयाची साइट म्हणून थांबलो.

पुस्तकाच्या शेवटी अ‍ॅक्सेसिबिलिटीवर (साइट सगळ्यांना वापरता यावी यावर) एखादं छोटं प्रकरण असेल. ते शेवटी ठेवू नका, आत्ताच वाचा. मी पान वरून खाली ऐकत बसत नाही. एच कळ दाबत शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारतो. "नवीन पुस्तकं" हे तुम्ही नुसतं मोठं-ठळक केलंत तर डोळसाला शीर्षक दिसतं, मला तो परिच्छेदच वाटतो. हेडिंगचा टॅग द्या, मोठं-लहान नंतर सीएसएसने करा.

दुव्यांना "इथे क्लिक करा" नाव देऊ नका. मी दुव्यांची यादी काढतो तेव्हा मला "इथे क्लिक करा, इथे क्लिक करा" एवढंच ऐकू येतं.

सूचना फळ्यावरून फोटो काढून टाकू नका. "सोमवारी बंद" हे फोटोत असेल तर मला काहीच कळत नाही, गूगललाही कळायची खात्री नाही. फोटो टाकलाच तर चित्राच्या टॅगमधल्या ऑल्टमध्ये वर्णन लिहा, नुसतं "फोटो" नको.

आणि तिरपी मात्रा यांनी सांगितलेली 'एमआर'ची ओळ आमच्याही कामाची आहे. ती असली की स्क्रीन रीडर मराठी आवाजाकडे वळू शकतो.

तिरपी मात्रा · बुधवार, दुपारी ४.००

+१. यात भर: फिक्या करड्यावर पांढरं असली फॅशन नको. सुगम्यतेच्या निकषांत साध्या मजकुरासाठी रंगांतला फरक किमान ४.५ ला १ मागितलाय. वाचनालयात येणाऱ्या ज्येष्ठांचे चष्मे आठवा.

कसर · शनिवार, रात्री १०.२०

कामाचा अहवाल. चार पानं झाली. फोटो दिसतोय, हेडिंगं हेडिंगासारखी दिली, सीएसएस वेगळ्या फाइलीत. फोनवर अक्षरं वाचता येतात. मेनूसाठी फ्लेक्सबॉक्स एमडीएनवर वाचून केलं, जमलं!

फॉर्मच्या प्रकरणात अडकलेय. सभासद अर्ज छान तयार झाला, रकाने दिसतात, बटण दाबलं जातं, पण भरलेली माहिती जाते कुठे? पुस्तक म्हणतं सर्व्हरवर पर्लची सीजीआय स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) ठेवा.

दुसरं, ग्रंथसूची. पुस्तकांची यादी जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. ती पानात चिकटवली की अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात. आणि एवढी मोठी यादी मांडायची कशात?

खडूफळा · शनिवार, रात्री ११.००

फॉर्म कुठेच जात नाही, म्हणून तुम्हाला सापडत नाही. एचटीएमएल फक्त रकाने दाखवतं. माहिती घेऊन साठवायला पलीकडे सर्व्हरवर एखादा प्रोग्राम लागतो. त्या काळी तो बहुधा पर्लमध्ये लिहीत. गिटहब पेजेसवर असा प्रोग्राम चालत नाही. तूर्त गूगल फॉर्म करून त्याचा दुवा द्या. पुस्तकातलं प्रकरण फुकट गेलं नाही: रकान्याला लेबल कसं बांधायचं ते त्यात आहे, आणि कानवाचक यांना तेच लागतं. सभासदांचे फोन नंबर असलेली कुठलीही फाइल साइटच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. दुवा दिला नाही तरी ती उघडी असते.

यादी मांडायची टेबलात! सहाव्या प्रकरणाकडे परत जा. टेबलावर आमचा राग नाही. सांगाडा म्हणून वापरू नका एवढंच. दाखलांक, नाव, लेखक, प्रकार असे रकाने म्हणजे टेबलाचं हक्काचं काम. रकान्यांच्या डोक्याला टीएच टॅग द्या, वर कॅप्शन द्या. ते प्रकरण आता नीट वाचा.

तिरपी मात्रा · रविवार, सकाळी ८.३०

जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. कोणता फॉन्ट ते आधी बघा (श्रीलिपी, आकृती, शिवाजी, प्रत्येकाचा तक्ता वेगळा), मग त्याच फॉन्टचा युनिकोड रूपांतरक वापरा. एकदम सगळी यादी टाकू नका. एक पान करून रफार, अर्धा र, पोटफोड्या ष आणि अनुस्वार तपासा, चुका तिथेच होतात. तीच चूक सगळीकडे असेल तर एक्सेलमध्ये शोधा-बदला करून एका झटक्यात जाते.

कसर · रविवार, दुपारी १२.१५

एक पान केलं. रफार सगळे एक अक्षर पुढे सरकलेत, बाकी ठीक. शोधा-बदला करून बघते.

पण अकारविल्हे लावताना नवीनच गंमत. एका फुकटच्या साधनात यादी लावली तर क्ष ची पुस्तकं क मध्ये आणि ज्ञ ची ज च्या शेवटी जाऊन बसली. आमच्या कपाटात ती ह नंतर असतात. वाचक भांडतील.

कोंडीतला · रविवार, दुपारी १२.५०

हा प्रश्न आजवर मला कोणी विचारला नव्हता, त्यामुळे शोधावं लागलं. ते साधन युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक तक्त्याच्या, क्रमांकाने लावतंय. तिथे क्ष हा स्वतंत्र नाही, क, हलन्त, ष अशी तीन चिन्हं आहेत, म्हणून तो क मध्ये जातो. ज्ञ चंही तसंच. ळ तर थेट ल च्या पाठोपाठ ठेवलाय, व च्या आधी.

पण जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंगच्या भाषेत मजकूर भाषेप्रमाणे लावायची सोय आहे, इंटल कोलेटर. तिला 'एमआर' सांगितलं तर ती ह, ळ, क्ष, ज्ञ असा आपला क्रम धरते. क्रोममध्ये चालवून पाहिलं, बरोबर लागतंय. दहा-बारा ओळींचं काम आहे, आज रात्री लिहून धाग्यात शब्दांत समजावतो. ताई, तुमच्या पुस्तकात जावास्क्रिप्टचं प्रकरण आहे का?

कसर · रविवार, दुपारी १.०५

आहे. चौदावं. मी नवव्यात आहे.

परसदार · रविवार, दुपारी १.३०

मग दादा, रात्री लिहू नका. पाच प्रकरणं थांबा. तोवर यादी एक्सेलमध्ये हाताने लावून टाका, क्ष आणि ज्ञ ची पुस्तकं असून असून किती असणार?

कसर · रविवार, दुपारी १.४०

क्ष ची मूठभर. ज्ञ ची मात्र मोजावी लागतील, संतसाहित्याचं एक अख्खं कपाट आहे.